कुर्ल्याची पद्मिनी

सत्तर-ऐंशीच्या दशकांत लहानाचे मोठे झालेल्या किती तरी मराठी घरांतल्या अल्बममध्ये एक फोटो हमखास सापडतो: अख्खं कुटुंब फियाटला टेकून उभं. या गाडीचं माहेर इटलीत. पण ती वाढली कुर्ल्यात, आणि तिला घर देणारा कारखाना उभारला तो एका सोलापूरकराने.

शेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ सालचा, सोलापूरचा. जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी देशात तयार झाल्या पाहिजेत, या ध्यासाने हा माणूस झपाटलेला होता. १९४४ मध्ये त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना उभा केला. १९४७ पासून तिथे अमेरिकेच्या क्रायसलर कंपनीच्या गाड्यांची जुळणी होऊ लागली. पुढे फियाटशी करार झाला. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं, की सुटे भाग नुसते आणून जोडणाऱ्यांनी गाशा गुंडाळावा. ज्यांना गाडी इथेच बनवायची असेल त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड गेल्या, कुर्ला टिकलं. वालचंदशेठ मात्र त्याच वर्षी वारले. फियाटचा बहर त्यांना पाहायला मिळाला नाही.

फियाट ११०० कुर्ल्यातून निघू लागली ती १९५४ च्या सुमारास. गोल पाठ, फुगीर गाल आणि बुटकी चण. लोकांनी तिला पाहताक्षणी ‘डुक्कर फियाट’ म्हटलं, आणि ते नाव आजही जुनी माणसं मायेनेच घेतात. तिचे पुढचे दरवाजे उलटे, म्हणजे मागच्या बाजूला बिजागरी असलेले. त्यामुळे नऊवारीतल्या आजीबाईंनासुद्धा अंग न चोरता सरळ आत बसता येई. मग एलिगंट, सिलेक्ट, सुपर सिलेक्ट अशा पिढ्या झाल्या आणि १९६४ मध्ये डिलाइट आली. गोलाई जाऊन चौकोनी, नेटकं अंग आलं. आपण डोळ्यांसमोर आणतो ती फियाट हीच. १९७२ मध्ये तिचं नाव प्रेसिडेंट झालं आणि १९७४ मध्ये पद्मिनी. नावं बदलली तरी अंगकाठी तीच राहिली, आणि घरोघरी तिला शेवटपर्यंत फियाटच म्हटलं गेलं.

गाडी मिळणं मात्र सोपं नव्हतं. किती गाड्या बनवायच्या हे सरकारी परवाना ठरवी. पैसे भरून नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. पंतप्रधानांनाही ती हप्त्यानेच परवडली. लालबहादूर शास्त्रींनी १९६४ मध्ये बारा हजारांची फियाट घेतली, तेव्हा पाच हजारांचं कर्ज पंजाब नॅशनल बँकेकडून काढलं होतं. ताश्कंदहून ते परतले नाहीत. उरलेलं कर्ज त्यांच्या पत्नी ललितादेवींनी आपल्या पेन्शनमधून फेडलं.

आमच्या घरी आली ती सेकंड हँड, क्रीम रंगाची. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खाली, त्यामुळे पुढची सीट सलग, कोचासारखी. वडील, आई आणि मधे मी. ती मधली जागा म्हणजे आमची शाळाच होती. चोक किती ओढायचा, थंडीत इंजिन कधी धरतं, क्लच सोडताना पाय किती हळू उचलायचा, हे सगळं तिथे बसून डोळ्यांनी शिकता येई. पुढच्या दरवाजाला तिकोनी काच असे. ती तिरकी केली की वाऱ्याचा झोत नेमका तोंडावर येई, आणि ती कुणी फिरवायची यावरून भावंडांत भांडणं होत.

त्या काळच्या गाड्यांची एक खोड सगळ्यांना माहीत होती. मे महिन्यात खंबाटकी चढताना इंजिनाच्या अंगाला लागून असलेला पेट्रोल पंप तापे. आत पेट्रोलची वाफ होई, वाफ पंपाला ओढता येत नाही, म्हणून कार्ब्युरेटर कोरडा पडे आणि गाडी गप्प. घाटात कडेला बॉनेट उघडलेल्या गाड्यांची रांगच दिसे. उपाय प्रत्येकाला पाठ होता: पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं, डबा उघडून दशम्या खायच्या, फडकं सुकलं की पुन्हा भिजवायचं आणि चावी फिरवायची. त्या फडक्यासाठी पाण्याची बाटली पुढे धरून बसणं हे पोरांचं काम. यंत्र का थांबतं आणि कशाने सुरू होतं, याचा पहिला धडा आमच्यापैकी कितीतरी जणांनी असा रस्त्यावर गिरवला.

मला वाटतं, या गाडीवरच्या जिव्हाळ्याचं खरं मूळ इथे आहे. १०८९ सीसीचं साधं इंजिन, हात घालायला ऐसपैस जागा, आणि १९६४ पासून जवळजवळ न बदललेली रचना. इटलीत ११०० चं उत्पादन १९६९ मध्ये थांबलं. कुर्ल्यात ते शतक संपेपर्यंत चाललं. त्यामुळे एका मिस्त्रीने शिकलेलं त्याच्या चेल्याला जसंच्या तसं उपयोगी पडलं, आणि तालुक्याच्या गावीसुद्धा सुटे भाग मिळत राहिले. १९८३ मध्ये मारुती आली. ती हलकी, चपळ आणि कमी पेट्रोल पिणारी होती. लोक तिच्याकडे वळले ते योग्यच होतं. पण फियाट मालकाला आपलं पोट उघडून दाखवत असे, म्हणून ती घरची झाली.

मुंबईत तिने काळी-पिवळी होऊन आणखी एक जन्म काढला. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. वीस वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस ती रस्त्यावरून उतरली. कुर्ल्यातला कारखाना गेला, प्रीमियर रोड हे नाव उरलं.

तुमच्या आवारात ताडपत्रीखाली फियाट असेल तर ती भंगारात देऊ नका. ती चालती ठेवणारा मिस्त्री गावात अजून असेल तर त्याच्याकडे जा, घरातलं एखादं पोर सोबत न्या आणि त्याच्यासमोर बॉनेट उघडायला सांगा. गाडी एखाद्या संग्रहालयात पोहोचेलही, पण मिस्त्रीच्या हातातली विद्या तिथे कुणी ठेवून घेणार नाही. ती माणसाकडून माणसालाच घ्यावी लागते, आणि ही माणसं आता थकत चालली आहेत.