१४. ग्रेंज

अमेरिकेचे पहिले अर्थमंत्री (१७८९–१७९५) अलेक्झांडर हॅमिल्टन यांचे घर. ते मॅनहॅटन बेटाच्या वरच्या अंगाला, तेव्हा शेतवाडीच असलेल्या मुलखात, १८०२ मध्ये बांधून पुरे झाले. नाव स्कॉटलंडमधील आजोळचे नव्हे, वडिलांच्या घराण्याच्या वाड्याचे. ‘नदीपलीकडे’ म्हणजे हडसनच्या पश्चिम काठावरील वीहॉकन (न्यू जर्सी) येथे. ११ जुलै १८०४ रोजी उपाध्यक्ष ॲरन बर यांच्याशी झालेल्या द्वंद्वात हॅमिल्टन तेथे जखमी झाले. मजकुरावरून ते ग्रेंजमध्येच वारले असा समज होण्याजोगा आहे. प्रत्यक्षात त्यांना होडीतून बेटावर आणून विल्यम बेयर्ड या मित्राच्या घरी ठेवले होते. दुसऱ्या दिवशी तेथेच मृत्यू. दफन ट्रिनिटी चर्चच्या आवारात. या घराचा उपभोग त्यांना जेमतेम दोन वर्षे मिळाला. कर्जाचा बोजा मात्र पत्नी एलिझाबेथच्या वाट्याला आला. तरी तिने १८३३ पर्यंत घर सोडले नाही.

आज प्रवाशांना दाखवतात ते घर तेच, जागा मात्र तिसरी. नव्या रस्त्यांच्या आखणीत आडवे आले म्हणून १८८९ मध्ये ते जवळच कॉन्व्हेंट ॲव्हेन्यूवर सरकवले, तेव्हा पुढच्या-मागच्या ओसऱ्या गेल्या. २००८ मध्ये ते सेंट निकोलस पार्कात नेले. वाटेत चर्चची कमानदार पडवी होती. लाकडी घर अख्खे उचलून तिच्या डोक्यावरून पलीकडे काढावे लागले.