इंटरनेट व पर्यावरण : रत्नागिरी जिल्ह्यातील वीजनिर्मिती

इंटरनेट हे जगभरातील संगणक परस्परांना जोडणारे जाळे असून त्याचे सर्व कार्य विजेवर चालते. माहिती साठविणारे सर्व्हर, ती वाहून नेणाऱ्या तारा व मनोरे आणि ग्राहकाजवळील उपकरणे या सर्वांना वीज लागते. सर्व्हर जेथे एकत्र ठेवतात, त्या डेटा सेंटरांत यंत्रे थंड राखण्यासाठीही वीज आणि अनेक ठिकाणी पाणी खर्च होते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील डेटा सेंटरांनी सु. ४१५ अब्ज युनिट, म्हणजे जगाच्या एकूण वीजवापराच्या सु. १·५ टक्के वीज वापरली.

भारतात विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. समुद्राखालून येणाऱ्या अनेक तारा मुंबईच्या किनाऱ्यास लागत असल्याने पुढे मुंबई व नवी मुंबई परिसर हे देशातील डेटा सेंटरांचे प्रमुख केंद्र बनले. राज्याच्या वीजजाळ्यात मिसळलेली वीज नेमकी कोणाच्या वापरात आली, हे वेगळे दाखविता येत नाही. मात्र ती निर्माण करणाऱ्या स्थळांवरील परिणाम स्पष्ट दिसतात. रत्नागिरी जिल्ह्यात अशा निर्मितीचे तीन प्रकार आढळतात.

कोयना प्रकल्पाच्या चिपळूण तालुक्यातील पोफळी येथील वीजगृहातून १९६२ पासून वीजनिर्मिती होऊ लागली. प्रकल्पाची एकूण क्षमता सु. १,९६० मेवॉ. आहे. या विजेस धूर नाही. परंतु जलाशयाखाली सातारा जिल्ह्यातील गावे गेली व पूर्ववाहिनी कोयनेचे पाणी पश्चिमवाहिनी वाशिष्ठीत येऊ लागले. गुहागर तालुक्यातील दाभोळ प्रकल्पास भूमी, पाणी व मच्छीमारी यांच्या प्रश्नांवरून स्थानिक रहिवाशांनी तीव्र विरोध केला. त्याचा पहिला टप्पा १९९९ मध्ये नॅफ्थ्यावर सुरू होऊन २००१ मध्ये बंद पडला. २००५ मध्ये स्थापन झालेल्या रत्नागिरी गॅस अँड पॉवर कंपनीने तो पुढे नैसर्गिक वायूवर चालविला. जयगड येथील १,२०० मेवॉ. क्षमतेचे केंद्र २०१०-११ मध्ये कार्यान्वित झाले. त्यास आयात केलेला कोळसा लागतो. कोळशापासून एक युनिट वीज निर्माण होताना सु. १ कि.ग्रॅ. कार्बन डाय-ऑक्साइड वायू बाहेर पडतो. राख व धूर यांमुळे हापूस आंब्याच्या बागांची हानी होईल, असा आक्षेप बागायतदारांनी घेतला व हा वाद न्यायालयापर्यंत गेला.

निकामी संगणक व दूरध्वनी यांतील शिसे, पारा इ. द्रव्यांमुळे माती व पाणी दूषित होण्याचा धोका असतो. अशा कचऱ्याबाबतचे स्वतंत्र नियम भारतात २०१२ पासून अंमलात आले व २०२३ पासून सुधारित नियम लागू झाले. विजेच्या बाबतीत असे उत्तरदायित्व ठरविणे अधिक कठीण आहे. कारण इंटरनेटचा लाभ ग्राहकास घरबसल्या मिळतो, तर त्यासाठी लागणाऱ्या विजेचा भार दूरच्या नदीवर, खाडीवर व बागांवर पडतो. म्हणून एखाद्या डेटा सेंटराच्या परिणामाचा विचार करताना त्याच्या आवारापुरते न पाहता वीजनिर्मितीच्या स्थळाचाही हिशेब धरणे आवश्यक ठरते.