आठांच्या यादीबाहेरचे चिटणीस

अष्टप्रधानांची यादी आपण सगळ्यांनीच पाठ केली होती. पेशवे, अमात्य, सचिव, मंत्री, सेनापती, सुमंत, न्यायाधीश, पंडितराव. सात आठवायचे आणि आठव्यासाठी शेजारच्याच्या पेपरात डोकवायचे! बाळाजी आवजी चिटणीस हे नाव त्या आठांत नाही, म्हणून ते आपल्या प्रश्नपत्रिकेतही कधी आले नाही. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली आणि या माणसाने मला चांगलेच धरून ठेवले. स्मरणिकेसाठी इतिहासावर काहीतरी लिही, असे मित्रांनी सांगितले तेव्हा दुसरा विषय सुचला नाही.

इंग्लंडात राजाच्या पदरी ‘हेरल्ड’ नावाचे अधिकारी असतात. समारंभात राजाची द्वाही फिरवायची, घराण्यांच्या वंशावळी तपासायच्या, कुणाच्या ढालीवर कोणते चिन्ह शोभेल ते ठरवायचे, ही त्यांची कामे. 1484 पासून त्यांची स्वतंत्र कचेरी आहे. आपल्याकडे हे काम वाटले गेले होते. ललकारी भालदार-चोपदारांची, बिरुदे गाणे भाटांचे, आणि कागदावर राजाचे नाव, कूळ, पदव्या नेमक्या उतरवणे लेखकाचे. प्रथा जुनीच. आपल्या अंबरनाथच्या शिवालयातला शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा शिलालेख पाहा. त्यात शिलाहार राजा माम्वाणि याच्या नावामागे ‘महामंडलेश्वर’ ही पदवी आहे. शिलाहारांचे ताम्रपट तर थेट जीमूतवाहनापासून वंश सांगत येतात. डबे खाऊन झाल्यावर ज्या देवळाच्या कट्ट्यावरून आपण वालधुनीत दगड मारायचो, तिथेच हे लिहिलेले होते.

बाळाजींचे वडील आवजी हरी जंजिऱ्याच्या सिद्दीकडे कारभारी होते. सिद्दीची मर्जी फिरली आणि त्यांना मारण्यात आले. बायको-मुलांना विकण्यासाठी राजापूरला नेले, तिथे मामाने पैसे मोजून त्यांना सोडवले. पुढे बाळाजींचे अक्षर शिवाजी महाराजांच्या नजरेस पडले आणि महाराजांनी त्यांना पदरी घेतले. एकदा पत्र लिहायला वेळ झाला नाही, तेव्हा त्यांनी कोरा कागद हातात धरून अख्खा मजकूर घडाघडा वाचून दाखवला, अशी गोष्ट सांगतात. खरी असो नसो, चिटणिसाचे काम काय असते ते तिच्यातून कळते. मजकूर महाराजांच्या मनातला, पण शब्द चिटणिसाचे.

त्यांच्या आयुष्यातले सर्वांत अवघड काम राज्याभिषेकाच्या आधीचे. 6 जून 1674 ला रायगडावर अभिषेक झाला. पण त्याआधी महाराजांचे क्षत्रियत्व सिद्ध करावे लागले. काशीहून गागाभट्ट आले. भोसल्यांचे कूळ उदयपूरच्या सिसोदियांचे, याचा शोध घेण्याच्या कामी बाळाजी होते, असे परंपरा सांगते. अभिषेकानंतरच्या पत्रांवर ‘राज्याभिषेक शक’ आणि ‘क्षत्रियकुलावतंस’ ही अक्षरे येऊ लागली. गडावरची ललकारी गडावरच विरते, पण पत्र गावोगावच्या पाटील-देशमुखांपर्यंत पोचते. द्वाही खरी फिरली ती या कागदांनी.

इथेच वाद आहे. जदुनाथ सरकारांनी 1919 च्या आपल्या शिवचरित्रात ही वंशावळ बाळाजींनी चतुराईने रचली, असे सरळ म्हटले. मला ते पटत नाही. शहाजीराजांच्या दरबारातल्या जयराम पिंड्ये कवीने ‘राधामाधवविलासचंपू’त भोसल्यांचा संबंध राण्याच्या घराण्याशी जोडला आहे, आणि शहाजीराजे वारले 1664 मध्ये. म्हणजे ही समजूत राज्याभिषेकाच्या आधीपासून घराण्यात होती. तिच्यातली प्रत्येक पिढी कागदाने सिद्ध होते असे मात्र मी म्हणणार नाही. बाळाजींनी नवे कूळ निर्माण केले नाही, घरात चालत आलेली गोष्ट पंडितांपुढे टिकेल अशी मांडली, एवढे मला वाटते.

वंशावळ म्हणजे नुसती मोठेपणाची हौस, असे आपल्याला वाटते. उल्हासनगरच्या आपल्या सिंधी वर्गमित्रांना तसे वाटणार नाही. फाळणीनंतर कल्याण कॅम्पात उतरलेल्या कुटुंबांची घरे, शेते, दस्तऐवज सगळे मागे राहिले. हरिद्वारच्या पंड्यांच्या वहीत आजोबा-पणजोबांची नावे मिळाली, तेव्हा कित्येकांच्या हाती आपण कोण याचा तेवढाच लेखी पुरावा होता.

आता त्या यादीकडे. महाराज बाळाजींना प्रधानपद देत होते, त्यांनी ते न घेता चिटणिशी वंशपरंपरेने मागितली, असे चिटणीस बखरीत आहे. पण ही बखर लिहिली मल्हार रामराव चिटणीस यांनी, साताऱ्याच्या दुसऱ्या शाहू महाराजांच्या आज्ञेवरून, घटनेनंतर सव्वाशेहून अधिक वर्षांनी. मल्हार रामराव बाळाजींचेच वंशज! राजाची वंशावळ शोधणाऱ्याची कीर्ती त्याच्याच वंशजाने लिहावी, यात गंमत आहे आणि सावध राहायचे कारणही आहे. वंशपरंपरेची चिटणिशी ज्याच्या घरात चालली, त्यानेच ती कशी मिळाली हे सांगितले आहे. तरी पुढे पिढ्यान्‌पिढ्या ती त्या घरात राहिली, हे खरे.

शेवट मात्र भयंकर झाला. महाराजांच्या निधनानंतर गादीच्या वादात कारभाऱ्यांचे कट झाले. 1681 मध्ये औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर पालीकडे आश्रयाला असताना त्याला लिहिलेले एक पत्र उघडकीस आले, आणि संभाजीराजांनी अण्णाजी दत्तो, हिरोजी फर्जंद यांच्यासह बाळाजींनाही देहान्त दिला. हत्तीच्या पायी, असे सांगतात. पत्रांवर ज्याचे आयुष्य गेले तो पत्रापायीच गेला. बाळाजींचा त्यात हात किती, यावर आजही एकमत नाही. येसूबाईंनी या शिक्षेबद्दल राजांना बोल लावले, असे बखरी लिहितात.

बाळाजींचा मुलगा खंडो बल्लाळ. वडिलांना ज्या राजाने मारले त्याच्याच चाकरीत तो राहिला. गोव्याच्या मोहिमेत भरतीच्या पाण्यात संभाजीराजांचा घोडा वाहू लागला, तेव्हा उडी घालून त्याने राजांना सावरले, अशी आठवण सांगतात. पुढे राजाराम महाराज जिंजीच्या वेढ्यात अडकले. मोगलांच्या बाजूला असलेल्या गणोजी शिर्क्यांनी वाट द्यावी म्हणून खंडो बल्लाळाने कोकणातले आपले वतन त्यांना लिहून दिले. राजाराम महाराज निसटले, आणि जानेवारी 1698 मध्ये जिंजी पडली तेव्हा मोगलांच्या हाती किल्ला आला, राजे नाहीत.