काळ्या घोंगड्याची कुळकथा

कोल्हापूर भागातल्या घोंगड्याचा काळा रंग कुठल्या रंगाऱ्याच्या भट्टीतला नाही; तो दख्खनी मेंढीच्या अंगावरच तयार होतो. धनगरांनी मेंढरं राखायची, कातरायची, सनगरांनी विणून चिंचोक्याची खळ द्यायची; या सगळ्या कामात रंगकाम कुठेच नाही. त्यावरून लोकर रंग धरत नसावी असं कुणी म्हणेल, तर ते साफ चूक. लोकरीतल्या केराटिन या प्रथिनात आम्लाला धरून ठेवणारे गट असतात. आंबट पाण्यात ते धनभारित होतात आणि ऋणभारित रंगाला ओढून घेतात. किलोभर लोकर सुमारे ४० ग्रॅम गंधकाम्ल पोटात घेऊनही शाबूत राहते. तुरटीच्या पाण्यातलं आम्ल ती शोषते, त्याबरोबर आलेलं अ‍ॅल्युमिनियम धाग्यात अडकून रंग पक्का करतं. क्षारापुढे मात्र तिचं काही चालत नाही : कॉस्टिक सोड्याच्या ५ टक्क्यांच्या उकळत्या द्रावणात ती काही मिनिटांत विरघळते. सुताची तऱ्हा नेमकी उलटी.

मग घोंगडं बिनरंगी का राहिलं? अज्ञान हे कारण पटत नाही. कोल्हापुरी चपलेचं कातडं कमावायला बाभळीची साल आणि हिरडा याच मुलखात वापरत आले. हिरड्याला लोखंडाची जोड मिळाली की काळा रंग होतो. खळीच्या आंबटपणाने काम भागत असेल, हाही तर्क टिकत नाही, कारण आंबटपणा चिंचेच्या गरात असतो, चिंचोक्यात नाही. खळ धाग्यावर बसून त्याला ताठपणा देते, एवढंच. गरिबीचा आक्षेप जास्त वजनदार आहे. रंगवायचं तर मोठं भांडं हवं, सरपण हवं, आणि उकळत्या पाण्यात ढवळलेली लोकर आटून घट्ट होते ते वेगळंच. तांबडी सकलाद, म्हणजे लोकरीचं उंची कापड, परदेशातून यायची आणि ती ऐपतवाल्यांची. तसला लाल रंग सतराव्या शतकापासून युरोपात किरमिज आणि कथलाच्या क्षारांतून काढत.

पण खर्च हे अर्धंच कारण. काळ्या लोकरीत मेलॅनिन मुळातच भरलेलं असतं, त्यावर लाल चढवला तरी डोळ्याला दिसणार नाही. पांढरी लोकरही होतीच की, असं कुणी विचारेल. होती, आणि विणकराने ती पट्ट्यांना, काठांना वापरली. दोन रंग कळपातच मिळत असतील तर तिसऱ्यासाठी भट्टी कोण पेटवणार? काळा मेंढा पैदाशीला ठेवणारा धनगरच, माझ्या मते, या कापडाचा रंगारी ठरतो.