जोडण्याआधी फाडणारा शब्द

ऑप्टिकल फायबरच्या कामावरच्या मंडळींच्या तोंडी 'स्प्लायसिंग' हा शब्द दिवसभर असतो. १२५ मायक्रॉन व्यासाच्या काचेच्या तंतूंची दोन टोकं समोरासमोर आणायची, विजेच्या ठिणगीने वितळवायची आणि एक करून टाकायची, एवढाच त्यांच्या लेखी त्याचा अर्थ. अशाच एका यंत्राच्या जर्मन माहितीपत्रकात या कामासाठी 'श्प्लायसन' हे क्रियापद मला दिसलं. सवयीने कोश उघडला, तर तिथे त्याचा जुना अर्थ दिलेला: लाकूड चिरणे, फोडणे. जोडायच्या कामाला चिरायचा शब्द! तेव्हापासून या शब्दाने माझा पिच्छा सोडलेला नाही.

शब्द मूळचा दर्यावर्दी. सोळाव्या शतकात डच खलाशांकडून तो इंग्रजीत आला. डचांचा तो 'स्प्लिसन'. फ्रेंचांनीही तो डचांकडूनच उचलला आणि 'एपिसे' केला. इथवर वाद नाही. वाद आहे तो त्याच्या आदल्या पिढीचा. चिरण्यासाठी डचमध्ये 'स्प्लिटन' असा शब्द आहे, इंग्रजी 'स्प्लिट' त्याच घरातला. मग 'स्प्लिसन' आणि 'स्प्लिटन' एकाच आईची लेकरं का? काही कोशकार ठामपणे हो म्हणतात, काही नुसतं 'बहुधा' लिहून पुढे सरकतात. शंकेला जागा आहे ती अर्थामुळे. एकाच धातूतून चिरणं आणि सांधणं असे उलटे अर्थ निघावेत कसे?

दोराला जोड देताना पाहिलं, की ही शंका उरत नाही. दोन दोरांना गाठ मारणं सोपं, पण गाठीपाशी दोर वेडावाकडा मुडपतो आणि त्याची ताकद निम्म्यापर्यंत घसरू शकते. शिवाय गाठ कप्पीतून सरकत नाही. म्हणून जाणता खलाशी गाठ मारत नाही. तो आधी दोन्ही टोकांचा पीळ उतरवतो, तिन्ही पेड सुटे करतो आणि दोन्हीकडचे पेड एकाआड एक येतील असे समोरासमोर भिडवतो. मग टोच्याने पिळात फट पाडून एकेक सुटा पेड समोरच्या दोराच्या एका पेडावरून, पुढच्याच्या खालून ओढून घेतो. नैसर्गिक धाग्याच्या दोराला असे तीन फेरे पुरतात, गुळगुळीत नायलॉनला पाच तरी लागतात. ताण आला की हा जोड सुटत नाही, उलट आवळत जातो. या कामाचा पहिला भाग निव्वळ फाडण्याचा आहे, आणि खलाशांनी कामाचं नाव त्यावरून ठेवलं. माझ्या मते 'बहुधा'ची गरज नाही. जर्मन क्रियापद आजही दोन्ही अर्थ अंगावर वागवतं, याहून मोठा पुरावा कोणता हवा?

समुद्रावरून हा शब्द सुतारकामात उतरला आणि तिथून क्रिकेटमध्ये आला. बॅटच्या विलोच्या पात्याला पाचरीच्या आकाराची खाच असते आणि वेताच्या दांड्याचं निमुळतं टोक तिच्यात बसवलेलं असतं. चेंडू बॅटच्या 'स्प्लाइस'वर लागला असं आपण ऐकतो तो हा सांधा. आज रूढ असलेली निमुळती घडण १८८०च्या दशकातली आणि ती शोधली चार्ल्स रिचर्डसन यांनी. विख्यात अभियंता ब्रुनेलच्या हाताखाली शिकलेले हे गृहस्थ सेव्हर्न नदीखालच्या रेल्वे बोगद्याचे पहिले मुख्य अभियंता होते. आधीचे दांडे सांध्याच्या कोपऱ्यात मोडत. ताण एका कोपऱ्यात साठू न देता लांब तिरक्या रेषेवर पसरवायचा, हा अभियंत्याचा विचार त्यांनी बॅटमध्ये आणला.

हीच पाचर कोकणातल्या कुठल्याही रोपवाटिकेत दिसते. खुंटाला उभी चीर द्यायची, काडीचं टोक दोन्ही बाजूंनी तिरकं तासून त्या चिरेत बसवायचं आणि घट्ट पट्टी बांधायची. हे पाचर कलम. आता हा 'कलम' शब्द पाहा. आंब्याचं कलम म्हणजे जोड, आणि शिर कलम करणं म्हणजे तोड. डच खलाशांनी जे केलं तेच आपल्या भाषेतही घडलेलं आहे, आणि तेही त्यांच्याशी काडीचा संबंध नसताना.

कलमाच्या कुळाबद्दल तीन मतं मांडली जातात. संस्कृतात लेखणी या अर्थी 'कलम' सापडतो म्हणून शब्द मूळचा इथलाच, हे पहिलं. अरबी कोशकारांची परंपरा नखं कापणे, छाटणे या अर्थाच्या अरबी क्रियापदाकडे बोट दाखवते, हे दुसरं. तिसरं मत असं, की ग्रीक 'कालामोस' म्हणजे बोरू. तोच अरबीत 'क़लम' झाला आणि फारसीमार्गे आपल्याकडे आला. मला तिसरंच खरं वाटतं. याच्या बाजूने एक विलक्षण साक्षीदार उभा आहे: इंग्रजीतला 'ग्राफ्ट'. तोही लेखणीतूनच निघाला आहे. ग्रीकमध्ये लिहिण्याच्या क्रियापदावरून टोकदार लेखणीला नाव मिळालं, ते लॅटिन आणि फ्रेंच वळसा घेत कलमाच्या काडीला चिकटलं. दोन वेगळ्या भाषांतल्या दोन वेगळ्या लेखण्या एकाच बागेत येऊन पोचल्या.

मग तोडण्याचा अर्थ कुठून आला? फारसीत 'क़लम करदन' म्हणजे कापून टाकणे. ज्याने बोरू तासलेला आहे त्याला याचं उत्तर हाताने माहीत असतं. धारदार चाकूचा एकच तिरका काप दिला की बोरूची लेखणी होते. तसाच काप फांदीला दिला की कलमाची काडी होते. वस्तूचं नाव त्या कापाला मिळालं, आणि मग काप मानेवर बसला तरी शब्द तोच राहिला. कायद्याचं कलम म्हणजेही मजकुराचा कापून वेगळा केलेला तुकडा, असं मी धरून चालतो.

आता जीवशास्त्र. तिथे 'स्प्लायसिंग' हा एकच शब्द मानतात. माझं म्हणणं असं, की तिथे दोन शब्द आहेत आणि त्यांचे बाप वेगळे आहेत.

पहिला १९७०च्या दशकाच्या सुरुवातीचा, जनुकं जोडण्याचा. स्टॅन्ली कोहेन आणि हर्बर्ट बॉयर यांनी १९७३ साली वेगवेगळ्या डीएनएचे तुकडे सांधून जिवाणूत वाढवले, तेव्हा त्यांनी वापरलेलं 'इकोआरवन' हे विकर डीएनएला सरळ कापत नाही. दोन्ही पेडांना वेगवेगळ्या जागी चिरून ते प्रत्येक टोकाला चार अक्षरांचा एकेरी धागा मोकळा सोडतं. असे दोन मोकळे धागे एकमेकांना भिडतात, दुसरं विकर ते कायमचे बांधतं. दोन पेडांची, उजव्या पिळाची दोरी, तिचे सुटलेले पेड आणि त्यांची गुंफण: हा अस्सल खलाशाचा जोड आहे.

दुसरा १९७७चा. कोल्ड स्प्रिंग हार्बरमध्ये रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या आणि एमआयटीत फिलिप शार्प यांच्या गटाला ॲडिनोव्हायरसच्या आरएनएत मधले भाग गळालेले दिसले. जनुकात निरर्थक वाटणारे लांब तुकडे असतात, पेशी ते कापून फेकते आणि उरलेले सांधते. या शोधाला १९९३चं नोबेल मिळालं. पण आरएनए एकपेडी आहे, उलगडायला पीळच नाही. नको ती दृश्यं कापून उरलेली पट्टी चिकटवणारा सिनेमाचा संकलक या शब्दाचा बाप आहे. यावर कुणी म्हणेल, शब्द प्रयोगशाळेत आधीच रुळला होता, तोच उचलला, सिनेमा मध्ये कशाला? शब्द तिथूनच उचलला असेल, पण अर्थ बदलला. दोर सांधताना काहीच फेकलं जात नाही. इथे फेकणं हेच मुख्य काम आहे.

१९८४ साली मात्र दोर परत आला. कापलेला तुकडा स्वतःच्याच पोटातल्या एका अक्षराला टोक जोडून फास बनतो असं दिसलं, आणि त्याला गुराख्यांच्या फासाचं 'लॅरिएट' हे नाव मिळालं. हा पुरावा माझ्या विरुद्ध जात नाही, कारण फास आहे तो फेकलेल्या तुकड्याचा, जोडाचा नव्हे. तो शोध मांडणाऱ्या शोधनिबंधांपैकी एकाचे सहलेखक एड्रियन क्रेनर पुढे याच कापाकापीला वळण देणाऱ्या नुसिनर्सेन या औषधापर्यंत पोचले. पाठीच्या मज्जारज्जूशी निगडित स्नायुक्षयाच्या आजारावर ते २०१६ साली अमेरिकेत मंजूर झालं.

हा काप चुकला की काय होतं, हे आपल्याकडच्या अनेक घरांना माहीत आहे, फक्त या नावाने नाही. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात पहिला गाळायचा तुकडा १३० अक्षरांचा आहे. त्यातल्या पाचव्या अक्षरी 'जी'च्या जागी 'सी' आला, की पेशीला कापायची जागा नीट ओळखता येत नाही, ती भलतीकडे कापते आणि बीटा साखळी पुरेशी बनत नाही. भारतात बीटा थॅलेसेमियाच्या मुळाशी सर्वांत जास्त आढळणारा दोष हाच. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला तीव्र आजार होण्याची शक्यता २५ टक्के. वाहकाला स्वतःला सहसा काहीच त्रास नसतो, त्यामुळे तपासल्याशिवाय कळत नाही. ज्यांच्या घरी लग्न ठरतंय त्यांनी पत्रिकेबरोबर हिमोग्लोबिन ए-२ची रक्ततपासणीही करून घ्यावी.