गागोद्याच्या घरातली थोरली मुलं

बारशाच्या दिवशी बाळाची जन्मवेळ, नाव, पत्रिका सगळं कुठेतरी टिपून ठेवलं जायचं. पण त्याच दिवशी दाराशी उभ्या असलेल्या तीन-चार वर्षांच्या थोरल्याला काय वाटत होतं, हे कोण टिपणार? ते आपल्या हाती लागतं ते फार उशिरा, तेच पोर म्हातारपणी आठवणी सांगायला बसलं तर.

भाषेत मात्र खूण राहिलीय. ‘पाठचा भाऊ’, ‘पाठीवर बहीण झाली’ असं आपण म्हणतो. म्हणजे धाकटं थेट थोरल्याच्या पाठीवरच येऊन बसतं! मुलीच्या पाठीवर मुलगा झाला, तर ती चांगल्या पायगुणाची म्हणून कौतुक व्हायचं. तिला स्वतःला काय वाटतं, हे विचारायची गरजच कुणाला भासत नसे. व्हिएन्नाचे मानसतज्ज्ञ आल्फ्रेड आडलर विसाव्या शतकात सांगू लागले की, धाकटं आलं की थोरलं गादीवरून उतरवलं जातं. आपल्या एकत्र कुटुंबात हे होत नव्हतं, पोर आजीच्या कुशीत जायचं आणि विसरायचं, असं बरेच जण म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. आजी असली म्हणून आई वाटून घ्यावी लागत नाही थोडीच?

आता पेण तालुक्यातलंच घर घेऊ. गागोदे. इथे ११ सप्टेंबर १८९५ ला विनायक नरहर भावे, म्हणजे विनोबा, जन्मले. भावंडांत थोरले. पाठचे बाळकोबा, मग शिवाजी. वडील नोकरीसाठी बडोद्याला, घर चालवणारे आजोबा शंभुराव, आणि आई रुक्मिणीबाई. विनोबांनी आईच्या आठवणी पुष्कळदा सांगितल्या. त्यात भक्तीचा रंग आहे, तो वजा करून वाचावं लागतं. पण वजा केल्यावरही बरंच उरतं.

एक आठवण फणसाची. फणस कापला की आई पानांच्या द्रोणांत गरे भरायची आणि पोरांनाच घरोघर पाठवायची. स्वतः खायचं ते नंतर. ‘वाटून खा’ असा उपदेश आपणही देतो, पण तिथे द्रोण पोराच्या हातात असायचा. देणारा तोच. ज्याच्या हातून काही जातंय, त्याला आपल्याकडून काढून घेतल्यासारखं कमी वाटतं, असं आम्हाला दिसतं.

दुसरी जास्त महत्त्वाची. वडील घरी एखाद्या विद्यार्थ्याला ठेवून घेत. आई त्याला ताजं, गरम वाढायची. उरलेलं शिळं स्वतः खायची आणि जास्त झालं तर विन्याला द्यायची. एके दिवशी विन्याने धरलंच: सगळ्यांना सारखं मानावं म्हणतेस, मग हा भेद का? आता बघा, इथे नव्वद टक्के घरांत काय उत्तर मिळेल? ‘तू मोठा आहेस ना!’ किंवा ‘असं बोलू नये.’ रुक्मिणीबाईंनी यातलं काही केलं नाही. खरंय, मी भेद करते, असं त्यांनी कबूल केलं. तू माझा मुलगा वाटतोस, तुझ्यावर माझा जीव आहे. त्या मुलात मला देव दिसतो. तुझ्यातही तसाच दिसू लागेल तेव्हा हा भेद जाईल.

देवाचा भाग बाजूला ठेवा हवं तर. पोराची तक्रार खोटी ठरली नाही आणि पोर वाईटही ठरलं नाही. शिवाय आईचा जीव आपल्यावर आहे, हे त्याला त्याच उत्तरात ऐकायला मिळालं. रोह्यात काय, पेणमध्ये काय, आज दोन खोल्यांच्या घरात दुसरं बाळ येतं तेव्हा थोरलं हेच तर विचारत असतं. फक्त शब्दांऐवजी चिमटा काढून, नाहीतर पुन्हा अंथरूण ओलं करून.

याच गागोद्याच्या घरात एक आंधळे काका राहत. पोरांना ते घरचेच. पुढे कुटुंब बडोद्याला गेलं, तिथे काका गेल्याची बातमी आली, पण घरात सुतक पाळलं गेलं नाही. विन्याने आईला कारण विचारलं, तेव्हा पहिल्यांदा कळलं की ते नात्यातले नव्हतेच. निराधार होते म्हणून घरात घेतलेले.