दानाची कक्षा

उधन्याहून मुंबईकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात नवसारीला येते. जमशेटजी टाटा यांचा जन्म १८३९ साली याच गावी झाला. परदेशी उच्च शिक्षणासाठी त्यांनी १८९२ साली निधी स्थापिला, तेव्हा तो केवळ पारशी विद्यार्थ्यांपुरता होता. याबद्दल त्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्या काळी वसतिगृहे, शिष्यवृत्त्या बहुधा ज्ञातीच्या नावानेच निघत. थोरवी आहे ती पुढच्या पावलात. दोनच वर्षांत, १८९४ साली, तो निधी सर्व हिंदी विद्यार्थ्यांना खुला झाला. स्त्रियांनाही मज्जाव नव्हता. त्याच्या पहिल्या मानकऱ्यांत दोन स्त्री-डॉक्टर होत्या : फ्रेनी कामा आणि कोल्हापूरच्या कृष्णाबाई केळवकर.

ही मदत कर्जाऊ असे. फेडीचा पैसा पुढच्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडे आणि घेणाराची मान ताठ राही. ही गोष्ट लहान नव्हे. त्रावणकोरातील एका दरिद्री दलित कुटुंबातले के. आर. नारायणन याच निधीच्या साहाय्याने १९४५ साली लंडनला गेले आणि १९९७ साली राष्ट्रपती झाले.

तापी खोऱ्यातून येणारा लोहमार्ग उधन्याला मिळतो. त्या मार्गाने पोटासाठी आलेली कितीतरी खानदेशी कुटुंबे तेथील यंत्रमागांवर राबतात. अशा घरातील मुलीलाही आज त्या निधीकडे अर्ज करता येतो. मात्र तो निधी पदवीधरांसाठी आहे. पदवीपर्यंतची वाट तिला दुसऱ्याच कोणीतरी मोकळी करून द्यावी लागते.